कोपऱ्यांचं वळण

सुभाषभाऊ गेल्याचं मला धुळ्याहून आलेल्या फोनवर कळलं. सांगणाऱ्याला वाटलं, मला ओळख पटली नाही. म्हणून तो म्हणाला, "अहो, ते कॉम्प्युटरवाले... ज्यांच्या रस्त्याला कोपरे आले, ते." दुःख झालंच, पण खोटं कशाला बोलू, आधी संताप आला. माणूस गेला त्या दिवशीही त्याची ओळख म्हणून हेच सांगायचं?

पुढच्या आठवड्यात जळगावात शोकसभा झाली. ज्या शेठजींच्या ऑफिसात भाऊंनी उमेदीची वर्षं घातली, तेच पहिले बोलायला उठले. "देवमाणूस होता," ते म्हणाले, "फक्त त्याच्या कॉम्प्युटरला गोल काही जमलं नाही." लोक हसले. शोकसभेत हसले, आणि पहिल्या रांगेत भाऊंची आई बसलेली होती. मी बोलायला उभी राहिले, तर अध्यक्षांनी दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. ते मौन मी तिथे पाळलं, इथे पाळणार नाही.

शेठजी जमिनी घेऊन प्लॉट पाडायचे. ऑफिसात मी ड्रॉइंग बोर्डवर नकाशे काढायचे आणि शेजारच्या टेबलावर भाऊ कॉम्प्युटरवर बसायचे. तेव्हा जळगावात कॉम्प्युटर म्हणजे बिलं छापायचं यंत्र. भाऊ त्यावर अख्खी कॉलनी उभी करायचे... रस्ते, कंपाउंड, घरं, पाण्याची टाकी. रस्त्याचा मधला बिंदू माउसने धरून जरासा ओढायचा, की कडेची घरं नव्या वळणाला लागून पुन्हा उभी राहायची. मग चित्र माणसाच्या डोळ्याइतक्या उंचीवर आणायचं आणि त्या रस्त्याने चालत जायचं. मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "थांब शैला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो." आणि खुर्चीतून हलायचे नाहीत.

असोदा रस्त्यावरच्या लेआउटमध्ये शेठजींना मुख्य रस्ता सरळ हवा होता. सरळ नेला तर बौद्ध वस्तीतल्या विहाराचं अंगण जात होतं. भाऊंनी तो अंगणाला वळसा घालून नेला, आणि शेठजींनी नाक मुरडलं तेव्हा सांगितलं, "केळीची ट्रॉली ब्रेक न लावता वळली, तर माझं वळण ठेवा." मोकळ्या जमिनीवर वळणाच्या रेषेने चुन्याची फक्की मारली, सावद्याकडचा एक ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसकट बोलावला. तो सहज वळून गेला. शेठजींना वळण मान्य करावं लागलं, निदान त्या दिवसापुरतं.

आता कोपऱ्यांचं ऐका. कॉम्प्युटर वळण काढतो तेही लहान लहान सरळ तुकडे जोडून. तुकडे पुष्कळ असले की वळण डोळ्याला गोल दिसतं, पण यंत्र जड होतं आणि चित्र अडखळत हलतं. भाऊंनी तुकडे पुष्कळ ठेवले होते. प्लॉटविक्रीच्या उद्घाटनाला भाऊ नव्हते, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्यात देवपूरला गेले होते. गिऱ्हाइकांसमोर चित्र अडखळायला लागलं, तेव्हा शेठजींनी आपल्या भाच्याला बसवून वळणाचे तुकडे कमी करायला लावले. चित्र पळायला लागलं, गिऱ्हाईक खूश. तिथवरही चाललं असतं. पण ठेकेदार दारात उभा होता, म्हणून शेठजींनी त्याच चित्रावरून नकाशा छापून त्याच्या हातात दिला. मी म्हटलं, "भाऊंना येऊ द्या." शेठजी म्हणाले, "तू तुझं काम बघ."

ठेकेदाराने नकाशात होतं तसंच केलं. काठाचे सिमेंटचे ठोकळे सरळ रेषेत लावायचे, मग एकदम कोपरा, पुन्हा सरळ, पुन्हा कोपरा. भाऊ महिनाभराने परतले तेव्हा डांबरही पडलं होतं. ते रस्त्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे उखडा." शेठजी म्हणाले, "आता काही उखडायचं नाही." आणि लोकांना सांगितलं, कॉम्प्युटरची चूक झाली. कॉम्प्युटर म्हणजे कोण, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

भाऊ गप्प बसले असं कोणी समजू नये. ते ऑफिसात येणाऱ्या गिऱ्हाइकांना खरं काय ते तोंडावर सांगायचे, म्हणून तर त्यांना काढलं. मग दुसऱ्या कोणी लेआउटचं काम दिलं नाही. "कोपरे तर नाही ना येणार?" असं लोक हसत विचारायचे आणि चहा पाजून परत पाठवायचे. ज्या माणसाने वळणासाठी भांडण घेतलं, त्याला वळण जमत नाही म्हणून घरी बसवलं... याची लाज कोणालाच वाटली नाही. भाच्याचं नाव आजपर्यंत कुठे निघालं नाही.

शोकसभेनंतर मी अक्कांना, म्हणजे भाऊंच्या आईला, हात धरून बाहेर आणलं. पायऱ्यांवर त्या थांबल्या. "बठ्ठा हासनात," त्या म्हणाल्या, "तू बी हासनी का?"

"नाही अक्का."

"मंग माले ते वळन दखाड."

रिक्षाने गेलो. मी फार दिवसांनी तिकडे जात होते. विहाराच्या अंगणात कोणीतरी अक्कांना खुर्ची आणून दिली. मी काठाशी जाऊन बघितलं, तर आतल्या बाजूच्या कोपऱ्यांची टोकं राहिलीच नव्हती. केळीच्या ट्रॉल्यांची चाकं घासून घासून ठोकळे झिजले होते, कुठे कुठे पार फुटले होते. डांबराची कड आता सलग वळत होती, भाऊंनी फक्की मारली होती तशी. कोणी दुरुस्ती केलेली नव्हती. ज्याला तिथून जायचं होतं, तो आपला त्या वळणाने गेला होता.

एवढ्यात केळीने भरलेला ट्रॅक्टर आला. अक्कांना ऑपरेशननंतरही धूसरच दिसतं, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि कान दिला. ट्रॅक्टर वळला, ट्रॉली वळली, दोन्ही पुढे निघून गेली.

"बिरेक लाया का त्यानी?"

"नाही."

अक्कांनी डोळे उघडले. "आते हास," त्या म्हणाल्या.