चार बोटं खाली

माझ्याकडं स्पोर्ट्स कार आहे. मंठ्यात खताचं दुकान चालवणाऱ्या, पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाकडं ती कशाला, हे मला विचारू नका. बायकोनं विचारून झालंय.

गाडी जुनी, लाल, दोनच दारांची. पण उभी राहायची ती बकरीसारखी उंच. म्हणून आखूड स्प्रिंगा मागवल्या आणि धाकट्या भावाला, गणेशला, हाताशी धरून अंगणातच तिला चार बोटं खाली बसवायला घेतली. शनिवारी तीन चाकं झाली. रविवारी दुपारच्या आत वाटूरला मेव्हण्याच्या नव्या घराची वास्तुशांत. कलश घेऊन बहिणीनं आधी आत जायचं, म्हणजे माझ्या बायकोनं, सुनंदानं. आणि सासुरवाडीच्या दारात गाडी बसकी दिसावी, ही माझी हौस!

रविवारी सकाळी चौथं चाक अडलं. शॉकअपचा खालचा दांडा खोबणीत गंजून बसलेला. स्प्रे मारला, डिझेल ओतलं, हातोडा घातला. ढिम्म!

"दादा, ट्रॅक्टरला बांधून वढू का?" गणेश म्हणाला. (त्याच्या लग्नात अंतरपाट अडकला असता, तरी त्यानं हेच सुचवलं असतं.)

"न्हाई! पहार घाल अन् दाब."

पहारीला लांब पाइप जोडला. गणेश लटकला. मग मी लटकलो. मग दोघं. दांडा हलेना. तेवढ्यात सुनंदा पैठणी नेसून बाहेर आली, हातात फोन. फोनमधून मेव्हणा ओरडत होता, "ताई, भटजी खोळंबलेत! तू आल्याबिगर आत पाय ठिवायचा न्हाई म्हणून राह्यले!"

"सांग, निघालोच," मी पाइपवरून म्हणालो.

"कशावर बसून?" तिनं विचारलं.

"वैनी, तुमी पण बसा जरा," गणेश म्हणाला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. आमच्या घरात वजनाचा विषय कुणी काढत नाही! पण तिनं पदर खोचला आणि पाइपवर धपकन बसली. कडाड! दांडा सुटला आणि आम्ही तिघं मातीत.

"वा वैनी! आमच्या दोघाच्यानं जे—"

"भाऊजी, पुढं बोलू नका."

स्प्रिंग बसवली, चाक चढवलं, गाडी जमिनीवर घेतली. काय दिसत होती! सुनंदाला शेजारी बसवून मी ऐटीत रिव्हर्स टाकला, फाटकाच्या चढावर गेलो आणि... खर्रर्र! आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता दर निवडणुकीला वीतभर उंच होतो आणि घर तेवढं खाली जातं. त्या चढावर गाडीचं पोट टेकलं. पुढं जाईना, मागं येईना, नुसती चाकं फिरू लागली.

सुनंदानं खाली बघितलं. पैठणीच्या निऱ्यांना ग्रीस लागलं होतं. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ती उतरली, बाहेर लावलेल्या गणेशच्या मोटरसायकलवर बसली.

"भाऊजी, जल्दी चला."

दोघं गेले. माझी मोटरसायकल फाटकाच्या आत आणि फाटकात गाडी! मी तिथंच राखणीला.

संध्याकाळी सुनंदा परतली. कलश वेळेत आत गेला होता. मी हळूच विचारलं, "माझी चौकशी झाली का?"

"सगळ्यांनीच केली. मी सांगितलं, ह्यांची कंबर धरलीय, उठता येईना."

"खोटं कशाला? गाडीचं सांगायचं."

"कंबर सांगायला लाज वाटत न्हाई."

सुनंदा सहसा खोटं बोलत नाही. सोमवारी सकाळी उठायला गेलो, तर तेही खरंच निघालं!