कुत्रं आडवं आलं

माझं तोंड सदा उघडं, हे सगळ्या गावाला ठाऊक. तिसरीत इतक्यांदा बसलो की मास्तरची बदली झाली, माझी नाय — हे बी मीच सांगत फिरतो. पण एक गोष्ट या तोंडातून कधी भाईर पडली नाय. बायकोपुढं नाय, देवापुढं बी नाय.

मला लिहिता येत नाय. मी बोलतोय, अन् कैलासची पोरगी ज्योती लिहून घेतीय. कैलास म्हंजी माझा लहानपणचा दोस्त. ज्योतीच्या कॉलेजच्या अंकात माझा डबा छापायचाय, म्हणून ती वही घेऊन दुकानात आलीय. पंक्चर काढणाऱ्याचा डबा — छापून येणार! छाती फुगली की माझी.

तर डबा. बिस्किटांचा, पत्र्याचा. देवगाव रंगारीच्या आसपास कुठं बी हळद असू दे, मांडवाच्या दाराशी मी डबा घेऊन बसतो. पोरांनी गाडीची चावी आधी त्यात टाकायची, मंगच आत नाचायला जायचं. चावी मिळणार दुसऱ्या दिशी सकाळी. घरी सोडायला माझ्या पुतण्याचा टेम्पो. आमच्या टायमाला पिऊन गाडी मारणारं पोरगं एखादंच असायचं, कारण गाडीच एखाद्याकडं. मंग घरोघर गाड्या आल्या, अन् मिसरूड न फुटलेली पोरं बी बाटली लावून हँडल धराया लागली. एक लग्नसराई प्लास्टरबिगर गेली नाय. आता? आता पोरंच एकमेकाला दटावत्यात — “ए हिरो, टाक डब्यात, नायतर भिकाकाका गाणं म्हणंल!” माझं गाणं ऐकण्यापरीस चावी दिलेली बरी. गेल्या दोन सराईत आमच्याकडं एक बी हाड मोडलं नाय. पोलिसांच्या फुंकायच्या मशीनीचा बी त्यात हात असंल — पण डबा माझा हाय, अन् मला त्याचा लई गर्व हाय. का नसावा?

पण हे डब्याचं डोक्यात आलं कसं — हे ज्योतीनं आत्ता इचारलं. मी उठून पाणी पिऊन आलो. दोनदा.

सतरा वर्सांचा व्हतो. मामाच्या गावात हळद, भर दुपार, मामाची मोटरसायकल. मांडवामागं पोरांनी दिली, मी घेतली. किती? — रस्ता एक व्हता, मला दोन दिसत व्हते, एवढी. कैलास थेंबाला शिवला नव्हता. त्याची पोलीस भरती तोंडावर आलेली, रोज पहाटं पळायचा. म्हणला, “भिक्या, सरक मागं, मी चालवतो.” मी म्हणलो, “बस गप, फौजदारसाहेब.” वरून हसलो.

मंग वळण आलं. मंग कैलासचा गुडघा गेला. डोक्याला बी मार व्हता. शुद्धीवर आला तव्हा त्याला काय आठवंना. “काय झालं रं?” म्हणला. मी म्हणलो, “कुत्रं आडवं आलं.”

बस, एवढंच. तोंडाचा वास आला असंल लोकांना — पण हळदीत कोणाच्या तोंडाला येत नाय? उलट माझीच पाठ थोपटली, मुक्या जनावराला वाचवाया गेला म्हणून! भरती गेली. कैलास आजबी पाय ओढत चालतो, अन् आजबी दारात कुत्रं दिसलं की दगड उचलतो. वीस-बावीस वर्सं झाली. मी शेजारी उभा ऱ्हातो, काहीतरी पांचट बोलून हसवतो त्याला. एकदा तर त्याला वाकता येईना, म्हणून दगड मीच उचलून हातात दिला — दिला ना!

कुत्रं नव्हतं. रस्ता मोकळा व्हता. मी पिलेला व्हतो.

ज्योतीचा पेन थांबला. म्हणलं, लिही. तिनं मान वर केली नाय. एवढंच इचारलं, “काका, माझ्या अप्पांना म्हाईत हाय?”

नाय.

आता लिहितीय. आज ही वही कैलासपुढं वाचली जाईल. जाऊ दे. मी दुकानातच बसलोय, दार उघडं हाय. कैलासच्या अंगणातनं दगड इथवर आरामात येतो.