मीच लिहिलेली दोन पत्रं

मी जन्माची भित्री. शाळेत निकालाच्या दिवशी मला हमखास ताप यायचा आणि घरात सगळे भागुबाई म्हणून चिडवायचे. त्यामुळे रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला परदेशी विद्यापीठांत अर्ज करणार असं मी सांगितलं, तेव्हा आईने मला नीट न्याहाळलं. म्हणाली, "तुला झेपल का बाय? एवड्या तेवड्याला पोटात गोला येतो तुज्या." तिचं चुकलं नव्हतं. डिसेंबरात आलेला गोळा एप्रिलपर्यंत हलला नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मी पाताळगंगेच्या बाजूच्या एका औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये लागले होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या पावडरी तपासायच्या आणि पास की फेल ते लिहायचं. तीन वर्षांत मी स्वतः काही म्हणजे काही बनवलं नव्हतं, आणि ते मला खात होतं. घरात ठरलं होतं की यंदा प्रवेश मिळाला तर जायचं, नाही तर स्थळं बघायची. सत्ताविसावं लागलेल्या मुलीला आमच्या गावात एवढी सवलत म्हणजे पुष्कळच. पण हे वर्ष गेलं की संपलं, हे मलाही ठाऊक होतं.

सहा ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात. ती शिक्षकांनी स्वतः लिहून परस्पर पाठवायची आणि विद्यार्थ्याने बघायचीही नाहीत, असा तिकडचा नियम. आपल्याकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. एम.एस्सी.चे विभागप्रमुख सर म्हणाले, "तूच लिहून मेल कर. चांगलं लिही, लाजू नकोस." कारखान्यातले मॅनेजर सर म्हणाले, "ड्राफ्ट पाठव, मी टाकतो." दोघंही भली माणसं, फक्त वेळ नव्हता. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांनी असंच केलं होतं.

मी एका रविवारी दुपारी दोन्ही पत्रं एका बैठकीत लिहिली. पहिल्या पत्रात स्वतःची स्तुती करताना कान गरम झाले. दुसऱ्यापर्यंत निर्ढावले. शेवटी दोन्हींत एक वाक्य घातलं, जे शाळेपासून प्रत्येक दाखल्यावर वाचत आले होते: 'शी बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर.' आपल्याकडे ते नसेल तर दाखला अर्धवट वाटतो. भाजीवर कोथिंबीर घालावी तसं मी ते घालून टाकलं. दोन्ही पत्रं एकाच फाइलीत एकाखाली एक वाचली जातील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिसरं पत्र मॅडमचं. बी.एस्सी.ला तीन वर्षं त्यांनी आमची प्रॅक्टिकल्स घेतली, आता निवृत्त होऊन आमच्या गावापासून जवळ, पनवेलला वडाळे तळ्याजवळ राहतात. कोकणी मुसलमान घरातल्या, बोलायला मऊ आणि तपासायला कडक. त्यांच्याकडे मी ड्राफ्टचं विचारलं तर म्हणाल्या, "मी लिहीन ना. तू बघायचं नाहीस."

तिथून मला खरी भीती सुरू झाली, कारण मॅडमनी मला एकदा पकडलं होतं. दुसऱ्या वर्षाला टायट्रेशन करताना, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून मोजताना, दोन रीडिंग जुळली की तिसरं न करताच तेच लिहून टाकायचं, हा वर्गाचा रिवाज होता. मीही लिहिलं. मॅडम आल्या, मोजून दिलेल्या द्रावणातलं माझ्या फ्लास्कमध्ये उरलेलं सिलिंडरमध्ये ओतलं, मोजलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे तर दोनच वेळा काढलंय." मग आठवडाभर कॉलेज सुटल्यावर तेच टायट्रेशन मला एकटीला करायला लावलं. आता त्या ते लिहिणार, आणि सातासमुद्रापलीकडे कोणीतरी ते वाचणार. लॅबमध्ये फोन न्यायला बंदी होती, म्हणून चहाच्या सुट्टीत कपडे बदलायच्या खोलीत लॉकरला टेकून मी मेल उघडायची. जानेवारी संपेपर्यंत दोन नकार आले. प्रत्येक वेळी वाटलं, मॅडमनी लिहिलंच. भित्र्या पाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा ब्रह्मराक्षस पासष्ट वर्षांचा होता आणि मला बेटा म्हणायचा.

फेब्रुवारीत एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या संध्याकाळी गावात हळद होती, म्हणजे डीजे आलाच, म्हणून मी नवीन पनवेलला मावशीच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप मांडून बसले. पडद्यावर एक वयस्कर प्राध्यापक आणि एक तरुण बाई. रसायनशास्त्राचे प्रश्न बरे गेले. मग प्राध्यापक चष्मा सारून म्हणाले, तुमच्या दोन पत्रांत चारित्र्याबद्दल एकच वाक्य आहे, शब्दाला शब्द. मी म्हटलं, आमच्याकडे दाखल्यांवर असं लिहायची रीत आहे. हे खरंच होतं. तरुण बाईंनी विचारलं, म्हणजे पत्रं त्या दोघांनी स्वतः लिहिली?

मी हो म्हणाले.

मॅडमच्या पत्राबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. ज्याला दोन महिने भीत होते ते आलंच नाही, आणि ज्याची काळजीही केली नव्हती तिथे मी सरळ खोटं बोलले होते. मावशीने पोह्यांची बशी पुढे केली, ती मी तशीच परत केली.

चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील तरी. त्या आतून त्यांचा लॅपटॉप घेऊन आल्या, चष्मा शोधला आणि जे पत्र मी बघायचं नव्हतं ते मला वाचून दाखवलं. त्यात ब्युरेटचं होतं. फ्लास्कचं होतं. आठवडाभर मी एकही दिवस न चुकवता थांबले, हेही होतं. आणि शेवटी असं होतं की त्यानंतर या मुलीने माझ्या टेबलावर एकही आकडा खोटा ठेवला नाही, याची मी हमी देते.

"ही हमी मी माझ्या नावावर दिली आहे, बेटा," त्या म्हणाल्या. "आता काय करू तिचं?"

मला रडू आलं आणि संतापही आला, सगळं जग जे करतं त्याची शिक्षा मलाच का म्हणून. पण त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बसून मी मेल लिहिली. पहिल्या खर्ड्यात सरांनी मला लिहायला सांगितलं असं लिहिलं होतं. मॅडम मागून म्हणाल्या, "सरांवर ढकलू नकोस. तू काय केलंस ते लिही." मग लिहिलं, दोन्ही मसुदे माझे, सरांनी वाचून पाठवले, आणि काल मी तुमच्याशी खोटं बोलले. पाठवायचं बटण दाबलं. वर्ष माझ्याच बोटाने संपवतेय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार. नंतर तीन आठवडे शांतता. कंपनीच्या बसमध्ये, कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघत, मी रोज तेच मोजत बसायची: खरं बोललेल्याला थोडी सूट असते की नसते. मग नकार आला, साचेबंद, कारण न देता. त्या दिवशी लॅबमध्ये मी चुकून दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि बोलणी खाल्ली.

एप्रिलच्या सुरुवातीला दुसऱ्याच एका विद्यापीठाने मला घेतलं. मुलाखत नाही, प्रश्न नाही, सरळ प्रवेशाचं पत्र. मी लॉकरला टेकून ते चार वेळा वाचलं. घरी आई देवासमोर बसली ती उठेचना. दोन्ही सरांना पेढे दिले, त्यांनी मनापासून पाठ थोपटली. मग मॅडमकडे गेले.

"कुठलं? जिथे तू कबूल केलंस ते?"

"नाही, हे दुसरं. यांनी काही विचारलंच नाही."

मॅडमनी पेढा मोडला, अर्धा माझ्या हातात ठेवला. "पण पत्रं तीच गेली असतील ना तिथे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, मऊ.

मी घरी आले आणि चार दिवस काहीच केलं नाही. हा प्रवेश शेवटचा होता, बाकी सगळीकडून नकार येऊन चुकले होते. काल दुपारी कपडे बदलायच्या खोलीत उभ्याउभ्या मी त्या विद्यापीठाला तीच कबुलीची मेल पाठवली, फक्त मुलाखतीची ओळ काढून. या वेळी कोणी मागे उभं नव्हतं.

आज सकाळी आई डबा भरताना म्हणाली, "आता सगल्या गावाला सांगू ना बाय? नक्की झाला ना?"

मी म्हटलं, "थांब थोडी. त्यांचं उत्तर यायचंय."