किनाबातांगान नदीवरचा बारा नंबर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, असल्या गोष्टींना हसणाऱ्यांपैकी मी आहे. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात वाढलो. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही की कोणाची दृष्ट काढली गेली नाही. त्यात बत्तीस वर्षं एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलेलं... लाइट ‘आपोआप’ गेली असं कोणी म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचायचो आणि खाली खोचक कमेंट टाकून मोकळा व्हायचो. आज तुमची पाळी. काय हसायचं ते हसून घ्या.

मागच्या वर्षी मी आणि माझी बायको सुनंदा बोर्निओला गेलेलो. हट्ट तिचा. कळव्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं तिने विज्ञान आणि भूगोल शिकवला. विषुववृत्तीय सदाहरित वनांचा धडा आला की फळ्यावर रंगीत खडूंनी जंगलाचे मजले काढायची, आणि बाईंनी स्वतः बघितलेलं जंगल म्हणजे ठाण्याचं येऊर! रिटायर झाल्यावर तिने एवढी एकच गोष्ट मागितली. मला दुबई बघायची होती, पण म्हटलं, जाऊ दे.

ठाण्याच्या एका छोट्या टूरवाल्यांबरोबर आम्ही सोळा जण निघालो. ठाणे, डोंबिवली, कल्याण, सगळी आपलीच माणसं. टूर मॅनेजर मृणाल, डोंबिवलीची, तिशीतली, आवाज असा की फलाट एकवरून बोलली तर पाचवर ऐकू जावं. ज्यांनी अशी मराठी ग्रुप टूर केलीय त्यांना नंबरांचा प्रकार माहीत असेल. पहिल्या दिवशीच प्रत्येकाला नंबर देतात. गाडी सुटायच्या आधी मॅनेजर ओरडते, “चला, नंबर!” आणि सगळे क्रमाने आपापला नंबर म्हणतात. शेवटचा नंबर आला की गाडी हलते. डोकी कोणी मोजत बसत नाही. मी अकरा, सुनंदा बारा.

सांडाकान नावाच्या बंदराच्या गावातून दोन-अडीच तास गाडीने गेल्यावर सुकाऊ लागतं. किनाबातांगान नदीच्या काठावर लाकडी खांबांवर उभी असलेली घरं, एक शाळा, दोन-तीन दुकानं, आणि पुढे आमचं लॉज. नदी रुंद, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची. दोन्ही काठांना झाडं इतकी दाट की काठाची माती दिसत नाही. सुनंदा पहिल्या संध्याकाळी धक्क्यावर उभी राहून रडली. मी म्हटलं, “अगं, डास चावतील, आत चल.”

आमचा गाइड रोस्लान, त्याच गावचा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलेलं की जंगलात कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही. का, ते सांगितलं नाही, नुसता हसला. मृणाल लगेच म्हणाली, “आपलं काय, आपलं नंबरांवर चालतं! नावांचा प्रश्नच नाही.” आम्ही सगळे हसलो. मी तर जरा जास्तच.

तिसऱ्या दिवशी दुपारी लांब होडीतून एका जुन्या तळ्याकडे गेलो. लॉजपासून चाळीस मिनिटं. होडी लागते तिथे चिखलात टाकलेल्या दोन फळ्या, आणि तिथून पायवाट. रिमझिम होती म्हणून लॉजवाल्यांनी सगळ्यांना एकसारखे हिरवे, टोपीवाले रेनकोट दिलेले. सुनंदा दर दहा पावलांवर थांबायची. हे बघा मूळ, ही बघा बुरशी, ही वेल कशी चढलीय... बाकीचे खोळंबायचे. परत फिरताना माझा पारा चढला. सगळ्यांसमोर बोललो, “तुझ्या पानाफुलांपायी पंधरा माणसं ताटकळतायत. शाळा सुटली आता तुझी!”

बोललो ते बोललो. तिचा चेहरा उतरला. ती मागे राहिली आणि मी मुद्दाम पुढे चालत राहिलो.

होडीपाशी आलो तेव्हा पाऊस वाढलेला. धावपळ करत सगळे चढले. मी पुढच्या फळीवर, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. मृणाल ओरडली, “नंबर!” एक, दोन, तीन... दहा. मी म्हटलं, “अकरा.”

“बारा.”

माझ्या पाठीमागून, अगदी जवळून. सुनंदाचाच आवाज. दोन दिवसांपासून सर्दी झालेली, तसा किंचित भरलेला, आणि फुगलेला. मनात म्हटलं, चला, निदान नंबर तरी सांगतेय. वळून बघितलं नाही. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. होडी सुटली.

चाळीस मिनिटं मी वळून बघितलं नाही.

लॉजच्या धक्क्यावर सगळे उतरले, टोप्या काढल्या. मी म्हटलं, “चल, आता चहा घेऊ.” मागे कोणीच नव्हतं. लाइफ जॅकेटांचा एक ओला ढीग होता, बस. मृणालने पहिल्यांदा बोट दाखवून डोकी मोजली. पंधरा. परत मोजली. पंधरा.

“काका, काकू आत गेल्या का?”

“आत्ता तर उतरतोय आपण!”

“पण त्या बोलल्या ना... मी ऐकलं, बारा म्हणाल्या!”

ठाकुर्लीच्या फर्नांडिस मॅडमचा नंबर तेरा. त्या म्हणाल्या, “अरे, बारा ऐकलं म्हणून तर मी तेरा बोलली! माझ्या बाजूलाच बोलली ती.” बोलता बोलता त्या धक्क्यावरच खाली बसल्या. सगळ्यांनी ऐकलेलं, एकानेही ‘नाही’ म्हटलं नाही.

मी आणि रोस्लान तसेच उलटे निघालो. तेव्हा चार वाजत होते. नदीत मगरी आहेत, आदल्याच दिवशी आम्ही त्यांचे फोटो काढून घरी पाठवलेले. तिच्या फोनला तिथे रेंज नाही, बीपीची गोळी माझ्या खिशात. तिला काही झालं तर मुलीला काय सांगायचं, शेवटचं काय बोललो म्हणून सांगायचं... शाळा सुटली तुझी? वळण आलं तसा मी हाक मारायला उभा राहिलो. रोस्लानने माझा दंड धरून खाली बसवलं. “नो कॉलिंग, अंकल. प्लीज.” त्याने इंजिनही बंद केलं आणि वल्ह्याने होडी काठाला नेली.

सुनंदा तिथेच होती. फळ्यांपासून चार हातांवर, एका झाडाला पाठ लावून उभी. दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलेलं, डोळे सताड उघडे. मला बघून ती हलली नाही. मी चिखलातून जाऊन तिचा हात धरला. तिने माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, दाढीचे खुंट, आणि मग तोंडावरचा हात काढला. होडीत ती माझ्या बाजूला बसली आणि मी तिच्यावरची नजर काढली नाही.

उरलेले तीन दिवस ती जेवली, झोपली, लोकांशी हसलीसुद्धा. एका झाडापाशी थांबले, वर बघितलं तर तुम्ही नव्हता, एवढंच तिने सगळ्यांना सांगितलं. मृणालने नंबर घेणं बंद केलं, एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजायची.

घरी आल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणे कारण शोधत बसलो. कल्याणच्या एका जोडप्याने होडीत चढतानाचा व्हिडिओ घेतलेला, तो मागवला. पावसाचा आवाज, मृणाल, नंबर. माझं अकरा. मग बारा... स्वच्छ. कॅमेरा त्याच वेळी आमच्या बाजूला वळलाय. माझ्या मागे लाइफ जॅकेटं आहेत. फर्नांडिस मॅडमचे ओठ मिटलेले आहेत. आणखी कोणी बाईमाणूस माझ्या जवळपास नाही. शंभरदा बघितलं. कोणी नक्कल केली, पक्षी बोलला, पाण्यावरून आवाज आला... टूरच्या ग्रुपवर सगळी डोकी चालवून झाली, एकही गोष्ट बसत नाही.

महिन्याभराने, एका दुपारी, सुनंदा मेथी निवडत होती. मी न राहवून विचारलं, “तू तोंड का दाबून धरलेलंस?”

तिने हातातली काडी मोडली. मग म्हणाली, “तुम्ही गेल्यावर नंबर सुरू झाले. झाडांतून. एक, दोन, तीन, सगळ्यांच्या आवाजात. मला वाटलं, तुम्ही आत कुठेतरी थांबलाय. मग तुमचं अकरा आलं, आणि सगळं गप्प. माझी वाट बघत असल्यासारखं. मी उत्तर देणारच होते. तेवढ्यात परत पहिल्यापासून सुरू. परत अकराला थांबलं. शेवटी नुसतं अकरा... अकरा... तुमच्याच आवाजात. जवळ जवळ येत होतं. किती प्रेमाने बोलावत होतात, अहो.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. इतक्या वेळा, न चिडता, तुम्ही मला कधी हाक मारली आहे का? तिथेच कळलं, हे तुम्ही नाही.”

तिने हे रागाने म्हटलं नाही. मेथीची काडी मोडता मोडता, साधं सांगितलं आणि जुडी पुढे ओढली. मी तिच्या समोर बसलो आणि पानं खुडायला लागलो.

तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. होडीत बारा कोण म्हणालं, याचं स्पष्टीकरण कोणाकडे असेल तर जरूर सांगा, मला खरंच सापडलेलं नाही. दुसरं काही समजवायची गरज नाही. ते मला समजलंय.