कारणाचा रकाना

पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसली, की मित्राताई आधी आमचे हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवत. "वाच. शिवी न्हाई ती, खबर हाय. काय बिघडलं तेच सांगती."

मित्राताई म्हणजे संघमित्रा साळवे, मूळच्या तलवाडा गावच्या. कॉलेजात समाजशास्त्र शिकवत, आणि आम्हा संशोधक विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंगही. त्या वर्षी दुष्काळ होता, पाण्याच्या टँकरवर रोज मारामाऱ्या होत. घागरींनी डोकी फुटत, बायका केस धरून फरफटत नेल्या जात. दवाखान्यांतून जखमींच्या नोंदी आणून कुणाला, कुठं, कशानं लागलं ते आम्ही शोधत होतो. मी हातानं मोजत बसलो होतो. ताईंनी चार ओळी लिहायला शिकवलं. फाइल उघड, गावं वेगळी कर, कारणाच्या रकान्यात काय किती वेळा आलंय ते मोज. माझा पहिला प्रोग्राम चालला तेव्हा मी टाळीच वाजवली. एका गावातल्या जवळजवळ सगळ्या बायकांपुढं एकच कारण होतं: 'पडून'.

ताई हसल्या नाहीत. "इतक्या बाया एकाच गावात कशा काय पडल्या? मशीन चुकलं न्हाई. आपण दिलं तेच त्यानं मोजलं. चल, इचारू."

त्या गावात टँकरचं पाणी सहकारी पाणीपुरवठा संस्था वाटायची. चेअरमनची माणसं वस्तीतल्या बायकांना काठीनं रांगेतून हाकलत, आणि तीच माणसं त्यांना दवाखान्यात नेऊन 'पडली' असं लिहायला लावत. वस्तीतल्याच कौसाबाईनं पदर सारून खांद्यावरचा वळ दाखवला. "नाव घेतलं तर पाणी बंद, म्हनले. कुटं लिवू नका, बाई."

ताईंनी तिचं नाव लिहिलं नाही. तालुक्याच्या पाणीटंचाईच्या बैठकीत मात्र गावाचं नाव घेऊन आकडे मांडले. परतताना फाट्यावर मोटारसायकली आडव्या आल्या. मला एकानं मागून आवळून धरलं. बाकीच्यांनी ताईंना पहारीनं मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. "मोज आता! मोज की!" एकजण ओरडत होता.

दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्यानं मान वर न करता लिहिलं, 'गाडीवरून पडून'. ताईंचे पुढचे दात गेले होते. तरी त्या कोपरावर उठल्या. "खोड ते. मारलं, असं लिव्ह." तो हलेना. "लिव्ह बे!" बाईमाणसाच्या तोंडून 'बे' मी पहिल्यांदाच ऐकलं. रक्ताचे थेंब त्याच्या कागदावर उडाले. त्यानं खोडलं.

सकाळी कौसाबाई आली. ताईंना आता बोलता येत नव्हतं. त्यांनी अंग सरकवून खाटेवर तिला जागा करून दिली. ती बसली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "माझं बी लिवा. नावासकट लिवा."

डोक्याला आतून मार होता. ताई त्यातून उठल्या नाहीत.

ताईंच्या खुनाचा खटला उभा राहिला. कौसाबाई साक्षीदार होती, म्हणून रात्री तिच्या पत्र्यावर दगड पडायचे. तरी ती कोर्टात आली. सरकारी वकिलानं विचारलं, "तुम्हाला कुणी मारलं?" तिनं समोरच्या आरोपीकडं बोट केलं. "ह्यानं." मग वळून, शेवटच्या बाकावर पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या चेअरमनकडं बघितलं.

"आन् मारायला लावणारा त्यो मागं बसलाय."