दुपट्ट्याखालचा हात

खुशालभाऊ बैलांचे दलाल. दलाल म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण या माणसाच्या हातून मी दोन जोड्या घेतल्या आणि दोन्ही वेळा घरी येऊन निवांत झोपलो. राहणार अड्याळचे, वय चोपन्न, अंगानं काटक, आणि चेहरा असा की घरात लग्न आहे की मयत हे त्यावरून कळू नये. तो चेहरा धंद्यानं दिलेला. बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही. विकणारा आणि दलाल दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात आणि भोवतीच्या माणसांना काही कळू नये म्हणून चेहरा कोरा ठेवतात. भाऊ म्हणतात, तोंड खोटं बोलायला शिकतं, बोटं शिकत नाहीत. विकणारा मान हलवून नकार देत असतो आणि तेव्हाच त्याचं बोट सैल पडतं. मग सौदा झालाच समजायचा.

पत्त्यांचा मात्र त्यांना कधी नाद नव्हता. नाद आमच्या गावाला आहे. पोळा आला की तीन पत्तीचे डाव बसतात, आणि त्यातले मुरलेले गडी दोन, भुपेंद्र आणि मनिष. वीस वर्षं खेळताहेत. त्यांच्यासमोर बसणं म्हणजे स्वतःच्या पायानं चालत जाऊन लुटून घेणं.

भाऊंची बहीण पुष्पाबाई आमच्या शेजारी दिली आहे. परवाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनं बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकले, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं आणि ती चुलीकडे वळली. तेवढ्यात तिचा नवरा जागेश्वर डावावर जाऊन बसला आणि हरत हरत शेवटी ती जोडीच लावून मोकळा झाला. जेवायला बोलावलेले पाहुणे यानं पत्त्यात घालवले. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं मला मनापासून वाटलं. जोडी भुपेंद्रनं जिंकली. अंगणात दोन ट्रॅक्टर उभे असले तरी पोळ्याच्या तोरणाखाली न्यायला त्याच्याकडे एक बैल नव्हता, म्हणून त्याची या जोडीवर केव्हाची नजर होती.

पुष्पाबाईनं भावाला फोन केला. सकाळी आठला भाऊ हजर झाले आणि चहाही न घेता भुपेंद्रकडे निघाले. मीही मागोमाग गेलो. पुष्पाबाई फाटकापर्यंत आली.

"भाऊ, तुले तर पत्ते खेळताच येत नाही," ती म्हणाली.

"शिकून घेतो. पत्ते कायले पाह्याचे? माणूस पाह्याचा."

भाऊंनी डावाला आपली स्वतःची पांढरी जोडी लावली. तिची कीर्ती पवनीपर्यंत आहे. हरले असते तर दोन घरांचे गोठे एका दिवसात रिकामे झाले असते. भुपेंद्रला हसू आवरेना. मनिष त्याच्या बाजूनं डावात बसला. ठरलं ते असं: तिघांपुढे साठ-साठ चिंचोके, ज्याच्याकडे शेवटी सगळे जमतील त्याच्या दोन्ही जोड्या. पानं तीन, प्रत्येकानं आपली पानं सरस असल्याच्या जोरावर चिंचोके वाढवत जायचे, आणि ज्याला शंका येईल त्यानं तेवढेच टाकून समोरच्याची पानं उघडायला लावायची.

पहिला तास भाऊ नुसते हरले. पानं बघायची आणि खाली ठेवून द्यायची. बायका ओट्यावरून हळहळत होत्या, जागेश्वर कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, आणि माझाही धीर सुटत चालला होता. भाऊंपुढे वीसेक चिंचोके उरले. मनिषनं त्यांना घरी जाऊन बैलांना आंघोळ घालायचा सल्ला दिला. भाऊ त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते बघत होते त्याची बोटं.

मग ते खेळायला लागले. मनिषचं पान चांगलं असलं की त्याचा अंगठा पानांवर घट्ट बसे, नसलं की पानं उगाच चाळवली जात. भाऊंनी त्याला नेमक्या चाळवत्या वेळी तीनदा पकडलं. अकराच्या सुमारास तो उठला आणि बायकोनं हाक मारली असं म्हणाला. कोणी मारली नव्हती.

भुपेंद्र कठीण होता. त्याचे हात दगडासारखे. दोघांपुढे ढीग जवळजवळ सारखे झाले आणि एका डावात त्यानं आपला सगळा ढीग पुढे लोटला. चेहऱ्यावर लग्नातल्या वरबापाची ऐट. भाऊंच्या हातात होता एक्का, आणि त्याच्यासोबत कुचकामी नव्वी-तिरी. त्यांनी बराच वेळ भुपेंद्रच्या उजव्या हाताकडे पाहिलं. करंगळी पानांवरून सुटली होती. एवढीशी.

भाऊंनी आपले सगळे चिंचोके टाकले. "उघड," ते म्हणाले.

भुपेंद्रनं पानं टाकली. राणी, सत्ती, दुरी. भाऊंचा एक्का वरचढ ठरला. ओट्यावर कोणीतरी टाळी वाजवली. भुपेंद्रचा ढीग जरासा मोठा होता, ते उरलेले दोन-चार चिंचोके पुढच्या डावात गेले.

भाऊ बैल घेऊन आले तेव्हा जागेश्वर पुढे होऊन कासरा घ्यायला लागला. भाऊंनी तो त्याला दिला नाही. पुष्पाबाईच्या हातात दिला.

"जोडी मी जिंकली, मी देईन त्याची. आता हे तुही. तुले इचारल्याशिवाय कोणी खुंट्यावरून सोडणार नाही."

पुष्पाबाईनं बैलांना पुरणपोळी खाऊ घातली, झूल चढवली, शिंगांना बेगड लावली. संध्याकाळी तोरणाकडे निघायची वेळ झाली. आमच्या गावात तोरणाखाली कासरा पुरुषाच्या हातात असतो, आजवर दुसरं कोणी पाहिलेलं नाही. जागेश्वरनं नवा दुपट्टा खांद्यावर टाकून सवयीनं हात पुढे केला.

"तुमी मांगून या," ती म्हणाली.

सगळ्या गावादेखत ती जोडी घेऊन तोरणाखालून गेली. जागेश्वर मागून चालत आला.