दुकानातलं एकच गाणं

वसमतच्या बसस्टँडजवळ मी दाढी करायला जातो, त्या दुकानात एकच हिंदी गाणं वाजत असतं. अंधार सरेल, चुकलेल्यालाही माफी मिळेल, असं काहीसं. कडवं संपलं की दुकानदाराची कात्री थांबते आणि तो अर्थ सांगतो. नापास पोराला पुढच्या परीक्षेचा, मला टकलाचा.

"आस सोडू नका, दादा. गाण्यातबी तेच म्हणून राहिला."

वस्तरा गळ्याशी असल्यानं मी वाद घालत नाही.

परवा माझ्या गालांना साबण लागला आणि त्याचा धाकटा भाऊ दारात येऊन उभा राहिला. शेताच्या वाटणीपासून दोघांत बोलणं नव्हतं. भाऊ आत येईना, माघारीही जाईना. मी आपलं चेष्टेनं म्हणालो, "आता सांगा की माफीचा अर्थ."

दुकानदारानं गाणंच बंद केलं. मला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि खुर्ची फडक्यानं झटकली.

"बस. काहून एवढे वाढवलेस केस?"

भाऊ बसला. "मागून बारीक कर," म्हणाला.

साबण वाळून माझे गाल ओढायला लागले. पण बराच वेळ दोघांनाही माझी आठवण झाली नाही, आणि मीही ती करून दिली नाही.